अंगावर काढू नका: वॉर्डात नव्याने रुजू होणाऱ्या सिस्टर-ब्रदरसाठी

ओपीडीत आलेल्या बाईला आपण दिवसातून दहा वेळा बजावतो, "मावशी, दुखणं अंगावर काढू नका." आणि स्वतः मात्र पाय सुजलेले, लघवीला जळजळ, आठवडाभर धड झोप नाही, अशा अवस्थेत पुढची नाइट लावून घेतो. मी मराठवाड्यातल्या तीन जिल्ह्यांत मिळून सत्तावीस वर्षं नोकरी केली. अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) म्हणून लागले, परिसेविका (वॉर्डची इनचार्ज सिस्टर) म्हणून निवृत्त झाले. नव्या पोरी रुजू व्हायच्या तेव्हा चहाच्या वेळेत त्यांना जे तोंडी सांगायचे, तेच इथं लिहिते आहे. तुम्ही संभाजीनगरच्या घाटीत (सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात) असा, अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजात, तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा लातूर-नांदेडच्या तीस खाटांच्या खासगी दवाखान्यात, बरंचसं सारखंच लागू पडतं.

रुजू होण्याआधी

पहिलं काम हिपॅटायटिस बीच्या लशीचं. तीन डोस: आज, एक महिन्यानं, सहा महिन्यांनी. ट्रेनिंगमध्ये घेतली होती, असं सगळ्याच म्हणतात. किती डोस झाले विचारलं की गप्प होतात. कार्ड शोधा. तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्तातली अँटिबॉडी तपासून घ्या. आकडा 10 किंवा त्याहून जास्त आला की ती चिंता मिटली. काहींच्या अंगात लस लागत नाही, त्यांना पुन्हा कोर्स करावा लागतो, आणि हे सुई टोचायच्या आधी कळलेलं बरं. लस मागायला लाजू नका. जैव-वैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम 2016 प्रमाणे हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणं, रुजू होताना आणि वर्षातून एकदा तपासणी करणं ही दवाखान्याची जबाबदारी आहे. हा नियम वॉर्डातल्या मावशी आणि मामांनाही (आया, वॉर्डबॉय) लागू आहे. त्यांना कुणी सांगत नाही, तुम्ही सांगा.

दुसरं, खासगी दवाखान्यात लागत असाल तर. "ओरिजिनल सर्टिफिकेट जमा करा" असं सांगतात. जमा करू नका. मूळ कागद दाखवा, झेरॉक्स द्या, मूळ परत घ्या. एकदा फाइल त्यांच्या कपाटात गेली की नोकरी सोडायची म्हटलं तरी सोडता येत नाही. मी अशा दोन मुलींसोबत जाऊन, तासभर रिसेप्शनवर बसून कागद सोडवून आणलेत. नियुक्तीपत्र लेखी मागा, पगार खात्यात मागा. पगाराचं बोलणं निघालं तर एक गोष्ट ठाऊक असू द्या: सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी 2016च्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने खासगी दवाखान्यांसाठी शिफारशी केल्या. 200 पेक्षा जास्त खाटा असतील तर सरकारी नर्सइतका पगार, 100 ते 200 खाटांना त्याहून फार तर 10 टक्के कमी, 50 ते 100 खाटांना फार तर 25 टक्के कमी, आणि 50 खाटांच्या आतल्या दवाखान्यातही किमान 20,000 रुपये. शिफारस म्हणजे हुकूम नव्हे, आणि आपल्याकडच्या कितीतरी दवाखान्यांत आजही याच्या निम्म्यावर मुली राबतात. पण समोरच्याने "मार्केट रेट" म्हणून आकडा सांगितला की आपल्याकडेही एक आकडा असावा.

पहिल्या आठवड्यात शोधून ठेवायच्या जागा

इमर्जन्सी ट्रॉली कुठे आहे हे तुम्हाला दाखवतीलच. जे दाखवत नाहीत ते तुम्ही विचारा. सुई टोचल्यावरच्या गोळ्या कुठल्या कपाटात आहेत आणि रात्री दोन वाजता त्याची चावी कुणाकडे असते? सिक्युरिटीचा इंटरकॉम नंबर काय? वॉर्डाला दुसरं दार आहे का आणि ते उघडतं का, की त्याच्यापुढं मोडक्या खाटा रचून ठेवल्यात? स्टाफच्या संडासाला आतून कडी लागते का?

शेवटचा प्रश्न वाचून हसू नका. कडी नाही म्हणून आठ तास न जाणाऱ्या आणि जावं लागू नये म्हणून पाणीच न पिणाऱ्या सिस्टर मी डझनाने पाहिल्यात. एप्रिल-मे महिन्यात, बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत, त्यांचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. त्या उन्हाळ्यात घोट मोजून प्यायची सवय अनेकींना लागली आणि टाकीत पाणी आल्यावरही सुटली नाही. त्यातल्या एकीचा पुढं किडनी स्टोन निघाला. लिटरभराची बाटली नाव लिहून ठेवा, ड्युटी संपेपर्यंत दोनदा रिकामी झाली पाहिजे. आणि कडीसाठी अर्ज करा. कडी साठ रुपयांची असते. अर्ज केला नाही तर ती दहा वर्षं बसत नाही.

कंबर पहिल्या वर्षी दुखत नाही म्हणून नवीन माणूस पेशंट एकटाच उचलायला जातो. जाऊ नका. खाटेची चाकं आधी लॉक करा, खाट वर-खाली होत असेल तर कंबरेएवढी घ्या, पेशंटच्या खाली आडवी चादर घाला आणि दोघांनी दोन बाजूंनी चादर धरून सरकवा. एक, दोन, तीन म्हणून, एकदम. मामा दुसऱ्या वॉर्डात गेला असेल तर पाच मिनिटं थांबा. पेशंट थांबतो. नातेवाईकाला हात लावायला सांगण्यातही कमीपणा नाही, फक्त काय धरायचं ते नीट सांगा.

नाइट

पहिल्या नाइटच्या दिवशी दुपारी दीड-दोन तास झोपून घ्या. झोप आली नाही तरी अंधारात पडून राहा. चहा-कॉफी रात्री दोननंतर बंद, नाहीतर सकाळी घरी जाऊन छताकडं बघत बसाल. डबा जड नको. आपल्याकडची धपाटी आणि शेंगदाण्याची चटणी यासाठीच जन्माला आली असावीत: गार खाता येतात, उभ्यानं खाता येतात, वास येत नाही. दहा-अकराला अर्धा डबा, उरलेला पहाटे चारच्या आसपास. दोघी ड्युटीवर असाल तर आळीपाळीनं वीस मिनिटं डोळे मिटा, पण इनचार्जला माहीत असू द्या आणि गजर लावा. लपून झोपलेली सिस्टर पकडली जाते, सांगून वीस मिनिटं टेकलेली सहसा नाही. पहाटे तीन ते पाच या वेळात औषधाचा डोस काढताना मोठ्यानं वाचा, जमलं तर दुसरीला दाखवून घ्या. चुका त्याच वेळेत होतात.

सकाळी स्कूटी चालवत घरी जाऊ नका, निदान सलग तिसऱ्या नाइटनंतर तरी नाही. हायवेवर क्षणभर डोळा लागायला काही लागत नाही. एसटीत बसा, बायकांना अर्धं तिकीट आहे. घरी पत्र्याची खोली असेल तर मे महिन्यात दिवसा झोप अवघडच; खिडकीला ओला पडदा, आणि घरमालकिणीला आधीच सांगून ठेवायचं की अमक्या तारखा माझ्या नाइटच्या आहेत, दारावर थाप मारू नका. सासरी असाल तर तारखा कॅलेंडरवर लाल पेनानं लिहा. "दिवसभर झोपते" हे वाक्य ऐकून घ्यायची नंतर गरज पडत नाही. निदान कमी पडते.

सुई टोचली तर

हे मी जरा सविस्तर लिहिते, कारण मी स्वतः हे चुकवलं होतं. नोकरीचं दुसरं वर्ष, कॅज्युअल्टीत गर्दी, मी वापरलेल्या सुईला परत टोपण लावायला गेले आणि ती अंगठ्यात शिरली. बोट पिळलं, स्पिरिट चोळलं, चिकटपट्टी लावली आणि कुणालाच सांगितलं नाही. इनचार्ज रागावतील याची भीती. पेशंट कोण होता तेही नंतर सांगता आलं नसतं. पुढचे सहा महिने मी रोज रात्री अंगठा बघायचे. नवऱ्याला कारण न सांगता लांब राहिले, त्याला वाटलं मी माहेरच्या कशावरून तरी रुसलेय. टेस्ट निगेटिव्ह आली तेव्हा लॅबच्या पायरीवर बसून रडले. जे काम दोन तासांत व्हायचं ते मी सहा महिने पुरवलं.

तुम्ही असं करा:

1. वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवा. पिळू नका, तोंडात घालू नका, स्पिरिट किंवा ब्लीच लावू नका. डोळ्यात रक्त उडालं तर साध्या पाण्यानं किंवा सलाइननं भरपूर धुवा.
2. घड्याळ बघा, वेळ लिहा. पेशंटचं नाव, केसपेपर नंबर, सुई कुठली (पोकळ की टाक्यांची), हातमोजा होता का.
3. लगेच इनचार्ज आणि ड्यूटीवरच्या डॉक्टरला सांगा. एचआयव्ही टाळायच्या गोळ्यांचा पहिला डोस शक्यतो दोन तासांत पोटात गेला पाहिजे. 72 तासांनंतर त्यांचा उपयोग नाही. गरज आहे की नाही हे डॉक्टर ठरवतील, पण पेशंटचा रिपोर्ट सकाळी येईल म्हणून रात्र काढू नका. डोस सुरू करता येतो आणि रिपोर्ट निगेटिव्ह आला तर बंद करता येतो. चालू ठेवायचा ठरला तर 28 दिवस, एकही न चुकवता.
4. तुमचं रक्त त्याच दिवशी: एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी. हे "आधी नव्हतं" याचा पुरावा असतो. पुढं सहा आठवडे, तीन महिने, सहा महिने.
5. लस झालेली नसेल तर हिपॅटायटिस बीचं इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन) शक्यतो 24 तासांत.
6. शेवटची टेस्ट होईपर्यंत निरोध वापरा, रक्तदान नको. घरी सांगा. माझ्यासारखं करू नका.

धोका किती, हा प्रश्न रात्रभर डोकं खातो, म्हणून आकडे सांगते. लागण असलेल्या पेशंटची सुई टोचली तर एचआयव्ही होण्याची शक्यता सुमारे 0.3 टक्के, हिपॅटायटिस सीची 3 टक्क्यांपर्यंत, आणि लस नसेल तर हिपॅटायटिस बीची 30 टक्क्यांपर्यंत. म्हणजे सगळे घाबरतात एचआयव्हीला, आणि खरा धोका ज्याची लस फुकट मिळते त्याचा. सुईला टोपण परत लावायचं नाही. सुई कापायच्या कटरमध्ये आणि मग पांढऱ्या, सुई आरपार न जाणाऱ्या डब्यात. डबा तीन चतुर्थांश भरला की बदला. सोबत एक सांगून टाकते: मेडिसिन वॉर्डात किंवा टीबीच्या पेशंटजवळ एन-95 लावा, आणि दोन आठवड्यांवर खोकला राहिला तर स्वतःची थुंकी तपासा. सिस्टरचा खोकला "धुळीचा" असतो, असं आपणच ठरवून टाकतो.

पेशंटसोबत गाव येतं तेव्हा

आपल्याकडं पेशंट एकटा येत नाही. पिकअप भरून येतात. अर्धे पायरीवर थांबतात, अर्धे खाटेभोवती उभे राहतात, एकजण कानाला फोन लावून "साहेबांशी बोला" म्हणत तुमच्या पुढ्यात धरतो. आणि एक आवाज असतोच: "आमचा माणूस मरायलाय अन् तुमी लिवत काय बसलाव?"

तो आवाज चढायच्या आधीचा अर्धा तास तुमच्या हातात असतो. आल्या आल्या विचारा, "यातलं घरचं कोण? मी कुणाशी बोलू?" एक माणूस ठरवून घ्या, त्याचं नाव केसपेपरवर लिहा, आणि दर अर्ध्या तासानं त्याला जाऊन सांगा, सांगण्यासारखं नवं काही नसलं तरी. "सलाइन चालू आहे, बीपी बघितलं, डॉक्टर ओटीत आहेत, येतील." माणूस बहुतेक वेळा उपचार कमी पडले म्हणून पेटत नाही, आपल्याकडं कुणी बघत नाही असं वाटून पेटतो. "लिहीत काय बसलाव" याचं उत्तर रागानं न देता, "तुमच्याच माणसाचं लिहितेय, दहा वाजता काय दिलं ते" असं दिलं तर बरेच जण गप्प होतात.

नाहीच झाले तर वाद जिंकायला थांबू नका. टेबल आणि भिंत यांच्यामध्ये सापडू नका, दाराच्या बाजूला सरका, सिक्युरिटीला फोन, मग 112. हात उगारला, ढकललं, कागद फाडले, यातलं काहीही झालं तर तक्रार. महाराष्ट्रात 2010चा खास कायदा आहे. वैद्यकीय सेवेतल्या माणसावर हल्ला किंवा दवाखान्याची तोडफोड केली तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि 50,000 रुपयांपर्यंत दंड; गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. त्यात डॉक्टरांसोबत नर्स आणि नर्सिंगचे विद्यार्थीही येतात. वरिष्ठ म्हणतील, "जाऊ द्या सिस्टर, गावचीच माणसं आहेत." तक्रार एकटीच्या नावानं नको, दवाखान्याच्या वतीनं करा असा आग्रह धरा. ब्रदर लोकांना एक जादाचं सांगणं: वॉर्डातला पुरुष म्हणून प्रत्येक वेळी तुम्हालाच पुढं ढकलतात. बाउन्सरचं काम तुमच्या नेमणूकपत्रात नाही.

वॉर्डात कुणी गेलं तर

एक रात्र सांगते. चोवीस-पंचवीसचा पोरगा, फवारणीचं औषध पिलेला. तीन दिवस आम्ही त्याच्यामागं होतो. तिसऱ्या रात्री सव्वातीनला गेला. मी नळ्या काढल्या, तोंड पुसलं, चादर घातली. त्याची आई भिंतीला टेकून बसली होती, रडणं संपलं होतं. मी समोरून जाताना ती म्हणाली, "बाई, तू काही खाल्लंस का गं?" दुपारपासून खाल्लं नव्हतं. मी ड्रेसिंग रूममध्ये गेले, डब्यातलं अर्धं धपाटं उभ्यानं गिळलं, आणि सहाच्या इंजेक्शनला परत वॉर्डात. सकाळच्या सिस्टरला ओव्हर देताना (वॉर्ड सोपवताना) म्हटलं, "बेड नंबर नऊ, एक्स्पायर्ड." बास. पुढचे आठ महिने शेतात फवारणी चालू दिसली की मी एसटीची खिडकी बंद करायचे.

यात करायला हवं होतं ते अवघड नव्हतं. सगळं आवरल्यावर दहा मिनिटं वॉर्डाबाहेर, तोंड धुऊन, काहीतरी पोटात घालून. ओव्हर देताना पेशंटसोबत स्वतःचंही एक वाक्य: "हा माझ्या हातात गेला, मला जड गेलंय." नुसतं एवढं. ऐकणारीनं सल्ला द्यायचा नाही, "सवय होईल" तर अजिबात म्हणायचं नाही. इनचार्जला सांगून दोन-तीन ड्युट्या तो कोपरा दुसरीकडं द्या. अशा केसमध्ये सुरुवातीला अंगावरचे कपडे काढताना हातमोजे घाला, कपडे पिशवीत बांधा, खिडक्या उघडा. त्या वासानं आपलंही डोकं धरतं.

वाईट वाटणं आणि आजारी पडणं यात फरक आहे. दोन आठवडे उलटूनही झोप लागत नसेल, ड्युटीला निघताना पोटात गोळा येत असेल, घरच्या लेकरावर हात उचलला जात असेल, सगळं संपवावं असं मनात येत असेल, तर तो आजार आहे आणि त्याला औषध आहे. शेवटची गोष्ट मनात आली तर दोन आठवडे नाही, त्याच दिवशी बोला. टेली-मानसचा नंबर 14416, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. आपल्याच दवाखान्यातल्या मानसोपचार विभागात जायची लाज वाटत असेल तर शेजारच्या जिल्ह्यात जा. मीही तेच केलं होतं.

कागदावर आणा

तोंडी तक्रार हवेत जाते. दोन प्रती करा, एक आवक-जावकला द्या, दुसरीवर तारीख आणि आवक क्रमांक घ्या. कॉन्ट्रॅक्टवर असाल तरीही.

कशाकशाचा कागद? मुख्य म्हणजे माणसं कमी असल्याचा. भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण शिकवणाऱ्या दवाखान्यात तीन रुग्णांमागे एक नर्स, इतरत्र पाच रुग्णांमागे एक, आयसीयूत एकास एक. आपल्याकडं चाळिसांमागे एक ही रोजची गोष्ट. तुम्ही एकटी ते बदलू शकत नाही, पण रिपोर्ट बुकात पहिल्या ओळीत लिहा: "आज रुग्ण 42, अधिपरिचारिका 1." उद्या काही कमी-जास्त झालं आणि चौकशी लागली, तर ती एक ओळ वकिलापेक्षा जास्त कामाला येते. माझ्या आली आहे.

कुणी अंगचटीला येत असेल, अर्वाच्य बोलत असेल, मग तो डॉक्टर असो, क्लार्क असो की ठेकेदार, दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथं अंतर्गत समिती असलीच पाहिजे, अध्यक्ष बाईच. लेखी तक्रार तीन महिन्यांच्या आत. छोटा दवाखाना असेल, किंवा तक्रार मालकावरच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं. मेसेज पुसू नका.

दिवस राहिले की इनचार्जला लवकर सांगा, तीन महिने लपवू नका. पोर्टेबल एक्स-रे आणि जड पेशंट यांपासून लांब राहायचं ते पहिल्याच महिन्यांत. खासगीतही, आधीच्या वर्षात 80 दिवस काम झालं असेल तर पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे पगारी रजा मिळते.

आणि एकटं राहू नका. सरकारी नोकरीत असाल तर महाराष्ट्र राज्य परिचारिका संघटनेची जिल्हा शाखा शोधा. खासगीत असाल तर निदान चौघी-पाचजणींचा ग्रुप, ज्यावर फुलांचे गुड मॉर्निंग चालत नाहीत.

महिन्याची ड्युटी लिस्ट लागली की तिचा फोटो काढून ठेवा. मधेच नाव खोडलं जातं तेव्हा तो लागतो. नावापुढं सलग सात नाइट दिसल्या, किंवा नाइट ऑफच्या जागी मॉर्निंग लावलेली दिसली, तर लिस्ट अधिसेविकांच्या (मेट्रनच्या) सहीला जाण्याआधी बोला. सही झाल्यावर इनचार्जच्याही हातात काही उरत नाही.